षष्ठीचा रकाना

क्लाइपेडाच्या बंदरातून शेवटची फेरी सुटते
समोरच्या वाळूच्या दांडीकडे, जवळजवळ रिकामी,
आणि पेन्शन कचेरीच्या तिसऱ्या मजल्यावर
स्काइस्टे बिल्डची फाइल उघडून बसलेली असते.
हीटर तापलेला, काच गार,
बाहीवर दुपारच्या बीटच्या सूपचा गुलाबी डाग.

काम सांगायला सोपं.
गोदी कामगारांची जुनी नोंद एका साच्यात,
नवी दुसऱ्या.
ह्यातलं त्यात ओतायचं.
हातानं लिहायचं तर सदतीस वर्ग,
आणि प्रत्येकात तेच: इथून उचल, तिथे ठेव,
इथून उचल, तिथे ठेव.
म्हणून ती नुसता इंटरफेस लिहिते,
पोटात काही नसलेला;
बाकीचं कंपायलरच्या पंगतीला बसलेला प्रोसेसर
लिहून देतो.

काल मेवननं हिरव्या अक्षरांत कळवलं: बिल्ड यशस्वी.
तिनं तयार झालेला वर्ग उघडून पाहिला.
तो नवी वस्तू घडवत होता
आणि तशीच, कोरी, परत करत होता.
ना चूक, ना इशारा.
दारं बसवायची राहिली
आणि गवंडी हात धुऊन निघून गेले.

‘पंगत बघ,’ व्हिटेनिस म्हणाला, ओले बूट काढता काढता.
पंचेचाळिशीपर्यंत क्रेनवर होता तो,
कोड नंतर शिकला.
‘आधी दोर, मग ओझं.
लोम्बोक आधी बसव, गेटर-सेटर तो जन्माला घालतो.
मॅपस्ट्रक्ट नंतर, तो जन्मलेल्यांचीच नावं घेतो.
आणि मधे ती बाइंडिंगची बारकी जार.
नाहीतर एक बोलेल
आणि दुसऱ्याच्या कानापर्यंत पोचणारच नाही.’

तीन नोंदी, एकाखाली एक.
पुन्हा बिल्ड.
आता वर्ग भरलेला:
नाव, आडनाव, क्रेन क्रमांक, रुजू तारीख,
पायरीपायरीला ‘नल आहे का’ असं चाचपत
उतरत गेलेला कोड,
कुणाच्याच हस्ताक्षरात नसलेला.

इथे उठायला हरकत नव्हती.

पण तिनं नोंद क्रमांक अकराशे चौऱ्याऐंशी काढली.
ब्रोन्युस गेडविला, आणि जुन्या कार्डावर, स्वल्पविरामानंतर,
काझ्यो.
म्हणजे काझीसचा.
बापाचं नाव नाही नुसतं,
बापाच्या नावाची षष्ठी.
कुणाचा, ह्याचं उत्तर एका प्रत्ययात.

नव्या साच्यात हा रकानाच नाही.
आणि यंत्राची तक्रारही नाही.
पोचायचं ते पोचलं का, एवढंच ते विचारतं.
मागे काय उरलं
हे विचारायची त्याला सवय नाही,
सवय लावावी लागते.

तिनं कंपायलरला आणखी एक सूचना दिली:
उगमाकडचं काही सुटलं तर तीही चूकच धर.

बिल्ड लाल.
सदतीस वर्ग, सदतीस चुका,
सगळ्यांत अडलेला शब्द एकच.

‘इग्नोर लिही,’ व्हिटेनिस म्हणाला, ‘एका ठिकाणी लिही,
सगळे गप्प होतील. साडेअकरा वाजले.’
खरं होतं ते. कर्सर त्या ओळीवर लुकलुकत होता.
‘तुझ्या वडलांचं नाव काय?’ तिनं विचारलं,
मान वर न करता.
‘अंतानो,’ तो म्हणाला.
अंतानास नाही म्हणाला. अंतानो.
मग स्वतःच थांबला,
एक बूट पायात, एक हातात.

तिनं इग्नोर लिहिलं नाही.
लाल बिल्ड तसाच ढकलला सगळ्यांच्या शाखेत,
खाली एक ओळ: रकाना हवा आहे.
सकाळी आठला नोंदणी विभागाची बाई चिडून येईल,
विचारेल, हे कुणी मोडलं.
येऊ दे.

बाहेर वारा होता.
दांडीवरून परतणारी फेरी दिसत नव्हती,
फक्त तिचा दिवा,
पाण्यावर, थोडा मागेपुढे.